उपाशीपोटी

सकाळी सात ते साडेनऊ.
फोंड्याच्या वरच्या बाजारात
औषधांच्या दुकानाशेजारच्या जिन्यानं माणसं वर येतात.
अठरा पायऱ्या.
कोण कितव्या पायरीला थांबलं
ते मला आत बसून धापेवरून कळतं.
रिपोर्ट त्यानंतरचा.

बावीस वर्षं मी रक्त काढते.
चेहरे विसरते.
कोपराच्या आतली बाजू विसरत नाही.

शिरोड्याच्या तिळू कामतांचा धाकटा, वय सव्वीस,
वेर्ण्याला कंपनीत, दिवसभर खुर्चीत.
"मूठ आवळ," म्हणते.
आवळतो, आणि काहीच वर येत नाही.
चाचपते, थोपटते, पट्टा पुन्हा बांधते.
शीर कुठंतरी खोल,
गादीखाली गेलेल्या किल्लीसारखी.
"रात्री काय खाल्लंस?"
"काही विशेष नाही."
त्या काही विशेष नाहीचा आकडा
संध्याकाळी कागदावर छापून येतो.

बुधो गावडे पहिल्यांदा आला, त्याला सहा वर्षं झाली.
केरीचा पाडेली.
वय त्यालाच ठाऊक नव्हतं.
हात टेबलावर ठेवला, तर पट्ट्याची गरजच पडली नाही.
माडाची मुळं जमिनीवर उघडी पडावीत तशा शिरा,
टाचांना खोडावरल्या खाचांसारख्या भेगा.
"इतकंच? मला वाटलं, बाटलीभर लागेल," म्हणाला.
दुपारची पेज, खारातलं तोर, एखादा सुका बांगडा
आणि दिवसाला तीस माड.
त्याचं रक्त मी दोनदा तपासलं.
यंत्र बिघडलं असं वाटलं मला.

गेल्या मार्चमध्ये परत आला. अंगात निळा सदरा,
खिशावर कसल्यातरी सिक्युरिटीचं नाव.
भाटकाराच्या पोरांनी भाट विकलं.
तिथं आता पाच मजले आहेत,
आणि गेटाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बुधो.
वरून चहा येतो, दिवसाला सात-आठदा,
सोबत बिस्किटं,
वाढदिवस झाला की केकाचा उरलेला कोपरा.
"नको कसं म्हणू, बाय? प्रेमानं देतात."
पाचव्या मजल्यावर जाईल अशी लिफ्ट आहे.
तिसऱ्यावर एक बाई रोज तासभर पट्ट्यावर धावते
आणि आहे तिथंच असते.
"मीपण आहे तिथंच असतो," बुधो म्हणाला,
"पण तिला घाम तरी येतो."
शिरा अजून होत्या.
आतलं मात्र कुणा दुसऱ्याचं होतं.
मी म्हटलं, "चालत जा थोडं."
"चालू की. पण वर बघायची सवय आहे गो मला.
नुसतं सपाट चालायचं म्हणजे काय ते कळत नाही."

शेवटचा नमुना झाला की मला भूक लागते.
खालच्या गाड्यावरून कटलेट-पाव येतो,
दोन चमचे साखरेचा चहा.
लोकांना उपाशीपोटी या म्हणणारी मी
दहा वाजता उभ्या उभ्याच खाते,
एक वाजता बसून, आणि रात्री
टीव्हीसमोर काय खाते ते मोजत नाही.
घरून स्कूटर, स्कूटरवरून जिना,
जिन्यावरून स्टूल.

परवा गुरुवारी गर्दी नव्हती. काही खाल्लं नव्हतं.
डाव्या हाताला उजव्या हातानं पट्टा बांधला,
एक टोक दातांत धरून.
तीनदा टोचलं. माझीच शीर मला सापडेना.
नळीवर नाव लिहिताना पेन थांबलं.
लिहिलं: शेवंती नाईक.
लग्नाआधीची मी.
म्हार्दोळच्या झरीवरून कमरेवर कळशी घेऊन
दिवसाला चार खेपा करणारी,
खाल्लेलं कुठं जातं हे जिला कधी कळलंच नाही,
उताराला लागली की आई मागून ओरडायची, "पडशील गो!"

संध्याकाळी कागद आला.
नाव शेवंतीचं होतं,
आकडा रश्मीचा.

कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. दिवे मालवले.
जिना उतरले.
मग परत चढले. परत उतरले. पुन्हा चढायला लागले
तेव्हा शटर ओढता ओढता
औषधांच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
"मॅडम, काय विसरलात?"

अकराव्या पायरीला थांबले होते मी,
कठड्याला धरून.
बोलण्याइतका दम यायला जरा वेळ लागला.
"हो," म्हटलं.