इथेच

हर्मिस्टनच्या पुढे कालवा वाकतो, तिथे एक बाक आहे,
एका पायाखाली वीट दिलेला.
शरयू टिल्लू तिथे थर्मास उघडते
आणि माझ्या मांडीवर चौसष्ट पानं ठेवते,
टंकलिखित, पिवळी, सहीशिवाय.
म्हणते, एकोणिसावं पान कुणाचं ते सांग.
तू शब्द मोजतेस ना?

मोजते.
मोठे नाही. मोठे शब्द विषयाचे असतात,
कुणीही उसने आणावेत.
मी मोजते ते बारके, पण-तर-म्हणून,
वाक्याच्या सांध्यांत धुळीसारखे बसलेले,
ज्यांच्याकडे लिहिणाऱ्याचं लक्ष नसतं
नि म्हणून ज्यांना खोटं बोलता येत नाही.

त्या पानावर काय आहे, ते ती
बाकाच्या फळ्यांवर ओटची बिस्किटं मांडून दाखवते.
एक फळी, एक जागा. अशा जागांची रांग.
कण एकटा असला तर पाझरतो शेजारी,
मग त्याच्या शेजारी,
शेवटी सगळीकडे थोडाथोडा, धड कुठेच नाही.
पण एकाच फळीवर पाच-सहा दाटीनं बसव.
ते एकमेकांना ढकलतात,
आणि ढकलत असूनही सुटत नाहीत,
कारण सुटायचं तर जवळची ऊर्जा कुणाला तरी द्यावी लागते
आणि अख्ख्या रांगेत ती घेणारं कुणी नाही.
"भांडणानं बांधलेले," ती म्हणते, नि त्यातलं एक खाते.
"हे आधी कुणी लिहिलं? मी, की फर्गसनं?"

फर्गस इम्री आता डन्बारला असतो,
शेजाऱ्यांच्या गुलाबांना नावं ठेवत.
विभागाच्या स्मरणिकेत ते पान त्याच्या नावावर छापतायत.
त्यानं हो म्हटलेलं नाही.
नाहीही म्हटलेलं नाही.

तीन आठवडे मोजलं.
तीनशे बारा शब्द, एवढ्यावर माझं शास्त्र शपथ घेत नाही.
आलेखात त्याचे ठिपके डावीकडे, तिचे उजवीकडे,
आणि एकोणिसावं पान मधोमध,
नवराबायकोच्या भांडणात सापडलेल्या पाहुण्यासारखं.

मग अकरावी ओळ दिसली.
इट स्टेज हिअर ओन्ली.
असा शेवटी ओन्ली कोण टाकतं?
ज्याच्या आत आधी 'इथेच' उमटतं, तो.
तो 'च', आपल्या भाषेतला सगळ्यात लहान हट्ट,
स्वतः धड शब्दही नाही,
दुसऱ्याच्या पाठुंगळी बसून जाणारा,
एडिंबराच्या टंकयंत्रातून कस्टमला न दिसता उतरलेला.
फोन हातात घेतला होता मी.

पण सवय वाईट. आधी त्याची पत्रं मागवली.
ती यायच्या आधीची, एकोणऐंशीपर्यंतची: एकही ओन्ली नाही असा.
शहाऐंशी: दोन.
त्र्याण्णव, गॅस कंपनीला, चिडून:
आय पेड इट देअर ओन्ली.

एक खोली, एक रेडिएटर, दोन टेबलं.
किती वर्षं, ते मी विचारलं नाही.
'च' पाझरला होता,
भिंत न ओलांडता भिंतीपलीकडे,
इतका हळू की दोघांनाही वाटत राहिलं
तो आपल्याच जागेवर आहे.

हे सगळं मी तिला बाकावर सांगितलं.
तिनं टक्केवारी विचारली नाही.
एक बोट गेली, मागे बदकं वरखाली झाली.
याच पाण्यावर म्हणे एकदा एक लाट
न मोडता मैलभर गेली होती,
आणि कुणीतरी घोड्यावरून तिच्यामागे गेलं होतं.
आजची लाट काठाला लागून साधीच विरली.

शरयूनं पानं गोळा केली, कडा जुळवल्या,
एकोणिसावं वर आलं तर ते तसंच वर राहू दिलं.
थर्मासचं झाकण फिरवत म्हणाली,
फर्गसला फोन करते.

घरी जाऊन कर, मी म्हटलं, वारा आहे.

नाही, म्हणाली.
इथूनच.