पाण्याचे सान्निध्य

फॉर्मचा नववा रकाना : पाण्याचे सान्निध्य.
समुद्र / खाडी / नदी / तलाव. योग्य तिथे खूण करा.
मी पेन उचललं, ठेवलं, नाझनीनकडे बघितलं.
ती म्हणाली, करा नदीवर, खोटं थोडंच आहे.

स्पर्धेत दोन शहरं, दोन्ही किनाऱ्यावरची,
त्यांच्या पत्रकांत माड आपोआप वाकलेले.
आमच्याकडे बंडगार्डनजवळचं हॉटेल,
सातशेचं सभागृह, मधे खांब नाही,
आणि हिरवळीच्या कडेला, जलपर्णीखाली,
मुळा-मुठा.

तुपे, बँक्वेटचे, मूळचे मांजरीचे,
पडदा अर्धाच सरकवून म्हणाले,
"पाहुण्यांना नदी संध्याकाळी दाखवायची, मॅडम,
दिवे लागले की. दुपारी नको.
दुपारी तिचं तिलाच बरं नसतं."

झडपा बनवणाऱ्यांचं अधिवेशन.
चारशे माणसं, सगळ्यांचा धंदा एकच :
पाणी कुठे थांबवायचं, कधी सोडायचं.
सचिव कुरियन, कोचीचे. फोनवर पहिला प्रश्न,
समुद्र किती लांब?
घाट उतरलात तर तीन-चार तास, मी म्हणाले,
पण आमची नदी तिकडे जात नाही.
ती पाठ फिरवते
आणि अख्खं दख्खन तुडवत दुसऱ्याच समुद्राला लागते.
थोडी शांतता. मग हसू.
"म्हणजे आमच्या मीटिंगांसारखीच."
काम मिळालं.

तीन महिने याद्यांत राहिले.
बिल्ल्यांवरची आडनावं, जैन जेवण बावीस,
एका माजी अध्यक्षांना जिना नको,
दुसऱ्या माजी अध्यक्षांना पहिले माजी अध्यक्ष नकोत.
चहा सव्वाअकराला, सव्वाअकरा म्हणजे सव्वाअकरा.
दुसऱ्या दिवशी नदीकाठी जेवण, साडेसात.
सगळ्यांना कळवलं.
नदीला कळवायचं राहिलं.

सप्टेंबरचं लख्ख ऊन, शहरावर ढगाचा मागमूस नाही.
सव्वादोनला नाझनीननं फोन माझ्यापुढे धरला :
खडकवासल्यातून विसर्ग वाढवला. आकडा क्युसेकमध्ये.
पाऊस वर कुठेतरी झाला होता, टेमघरच्या अंगाला,
आम्हाला न विचारता.

हिरवळ आवरा.
चारशे खुर्च्या, पांढरे झगे, सॅटिनच्या गाठी.
तुपे पँट दुमडून पुढे, मागे पोरांची रांग,
चाफिंग डिश डोक्यावर घेऊन एक जण
लग्नातल्यासारखा जिना चढत होता.

वर परिसंवाद : प्रवाह-नियमन, पुढील दशक.
साडेचारला मी दार ढकललं.
वक्ते, सूत्रसंचालक,
आणि पहिल्या रांगेत झोपलेले एक माजी अध्यक्ष.
बाकी सगळे खाली, दोरीपाशी,
गळ्यात बिल्ले, हातात कप,
जलपर्णीचे गालिचे उखडून जाताना बघत.
फोटोसुद्धा फारसं कुणी काढत नव्हतं.
राजकोटचे एक जण नुसते पुटपुटत होते,
केवढी लागेल, हिला केवढी लागेल.

कुरियन शेजारी येऊन उभे राहिले. बराच वेळ गप्प.
मग, "हे आता कुठे जाणार?"
उत्तर तुप्यांनी दिलं, पायाचा चिखल खरवडत :
"आधी उजनीत, साहेब. तिथे अडवतात.
सोडतील तेव्हा पुढे."

जेवण दुसऱ्या मजल्यावर, दाटीवाटीनं.
अभिप्रायाच्या कागदावर कुणीतरी लिहिलं :
नियोजन बरे. नदी वेळेवर.

रात्री मोजदाद. खुर्च्या तीनशे नव्व्याण्णव.
तुप्यांनी पुन्हा मोजल्या,
मग 'गहाळ' लिहून माझी सही घेतली.
साडेआठशे रुपये. मी घासाघीस केली नाही.

पण अंथरुणावर पडल्यावर तीच डोळ्यांपुढे,
झगा फुगलेला, गाठ सुटलेली,
सगळ्या अधिवेशनातून समुद्राकडे निघालेली
एकटीच.
एव्हाना मांजरी मागे पडली असेल, तुप्यांचं गाव.
थेऊरही.
उजनीत अडवतील.