ठाव

पहाटे सहाला बागदुई पहार खांद्यावर टाकून निघायचा
आणि मागून मी, पाठीवर नवं यंत्र.
बेटापासून काठापर्यंत बारा किलोमीटर.
हिवाळ्यात बैकालवरूनच रस्ता जातो इथे,
पाइनच्या फांद्या रोवलेल्या दुतर्फा, एवढीच त्याची ओळख.

मी इर्कुत्स्कहून आलेले, वय सव्वीस.
पडद्यावर आकडा उमटायचा.
"ब्याण्णव सेंटिमीटर," मी सांगायचे, "ट्रक जाईल."
"असेल," म्हणायचा तो,
आणि पहार उचलायचा.

ते "असेल" मला लागायचं.
थंडीने पापण्या चिकटायच्या, आणि हा माणूस
ठक्, ठक्, ठक्,
माझ्या ब्याण्णवला भोक पाडत बसलेला.
"काल इथेच तर मोजलंस!"
"हो. ते कालचं."

एकदा चौकीत, धुरावलेला ओमुल सोलता सोलता
तो आपणहून बोलला, माझ्याकडे न बघता.
एकोणीस वर्षांपूर्वी याच दाराशी
शोबोनने ट्रक थांबवला होता. शोबोन, त्याचा मेहुणा.
काच खाली करून विचारलं, "जाऊ ना?"
"मी चहा घेत होतो. इथूनच, या खिडकीतून
नजर टाकली आणि म्हणालो,
जा, मला माहीत आहे."

मासा तसाच राहिला ताटलीत.

बऱ्याच वेळाने मी म्हणाले, बर्फ दगा देतोच कधीकधी.
तेव्हा मात्र तो चिडला.
"बर्फाचं नाव घेऊ नकोस.
बर्फ काही बोललाच नव्हता.
बोललो मी."

मार्चमध्ये मी पैज लावली.
सात ठिकाणी यंत्र आधी, मग पहार.
आणि सातही आकडे जुळले, अगदी बोटभराचाही फरक नाही.
मी नाचलेच जवळजवळ. "आता तरी पटलं?"
त्याने हातमोज्याने मिशांवरचं दव झाडलं,
यंत्राला थोपटलं, एखाद्या घोड्याला थोपटावं तसं.
"गुणी आहे," म्हणाला. "सात ठिकाणी पटलं."
आणि हनुवटीने दाखवलं
भोकाभोकांच्या मधलं ते सगळं पांढरं,
पार समोरच्या डोंगरापर्यंत.

मी वाद घातला. सरासरी काढता येते,
नकाशे आहेत, प्रवाहांचे तक्ते आहेत.
त्याने सगळं ऐकून घेतलं, मन लावून,
दोन प्रश्नही विचारले, चांगले होते,
एकाचं उत्तर मी अजून शोधते आहे.

बागदुई गेला तो भर उन्हाळ्यात, अंथरुणात.
तीन डॉक्टरांनी आजाराला तीन नावं दिली.
त्याची पहार त्याच्या सुनेकडे आहे,
फाटक उघडं राहावं म्हणून टेकू लावते ती.
मी दोनदा मागितली. "बघू," म्हणते.

आता फोन मला येतो, जानेवारीत, रोज:
"रस्ता सुरू करायचा का?"
"माहीत नाही. जाऊन येते."
पलीकडे साहेब सुस्कारा टाकतात. पगार कसला घेता मग,
असं त्यांनी अजून विचारलेलं नाही.
विचारलं तर सांगेन: जाऊन येण्याचा.

पांढऱ्या बर्फाची मला तेवढी भीती नाही.
तिथे माणूस आपोआप पाय जपून टाकतो.
पण मध्यावर एक पट्टा लागतो, वारा झाडून ठेवतो तो,
काळा, काचेसारखा, भेगा खोलवर लखलखणाऱ्या,
बुडबुडे एकावर एक गोठलेले,
आणि त्याखाली इतकं स्वच्छ दिसतं
की थेट तळ दिसतोय असं वाटतं.

तळ तिथून कित्येकशे मीटर खाली आहे.
दिसतो तो अंधारच, फक्त नितळ.

तिथे मी थांबते.
गुडघे टेकते.
आणि त्याच्याहून लहान, माझी विकतची पहार उचलते.