कारण लिहा

तुमच्या फॉर्मात शेवटी एक चौकोन आहे:
'अमान्य क्लिक कसे झाले, कारण लिहा.'
लिहिते.

मी सुगंधा चोगले, हर्णै, बंदरामागची आळी.
माझी साइट भरती-ओहोटीची.
दाभोळपासून केळशीपर्यंत
पाणी कधी चढेल, कधी उतरेल, मिनिटाला मिनिट.
सासरे हसले होते.
'तिथीची पाऊणपट केली की झाली भरती.
त्याला वीज कशाला लागते?'

सात महिने कोणी फिरकलं नाही.
मग नाताळच्या सुट्टीत आले ते,
ज्यांना गाडी वाळूत घालायची हौस असते
आणि समुद्र परत येतो हे आठवत नाही.
दिवसाला चार हजार माणसं
माझ्या आकड्यांवर पाय ठेवून चालली.
तुमचं पाकीट आलं, आत नुसते सहा आकडे.
पोस्टमन खांबेंनी ते दोनदा उजेडात धरलं,
हळूच विचारलं, 'कोर्टाचं नाही ना?'

पहिले आठ हजार सातशे.
बर्फाची पेटी घेतली, मोठी, निळी,
आणि लिलावात कायम मागे उभी राहणारी मी
त्या संध्याकाळी पुढे सरकून
सुरमईवर बोली लावली.

आषाढात होड्या झापांखाली गेल्या,
साइटही गेली. महिन्याचे एकशे बारा रुपये.
ते समजण्यासारखं होतं.
दिवाळीत परत चार हजार.
पण तुळशीच्या लग्नानंतर एका रात्री
तुमच्याकडे काहीतरी बदललं.
माझ्याकडे काहीच बदललं नव्हतं,
आणि चार हजारांचे सदतीस झाले.
समुद्र असं करत नाही.
तो उतरतो तेव्हा सांगून उतरतो,
जाताना खाली काहीतरी ठेवून जातो,
तिसऱ्या, कालवं,
बायांच्या टोपलीपुरतं.

आता तुमचं कारण.
सुकट वाळत घालताना
जुलेखा मुकादमजवळ बोलून गेले,
जाहिरातीवर कुणाचं बोट पडलं तर मला पैसे मिळतात.
एवढंच. मागितलं काही नव्हतं.
तिने सांगितलं बर्फाच्या कारखान्यात,
तिथून डिझेलच्या पंपावर, तिथून शाळेत,
पोरांनी मधली सुट्टी त्यात घालवली.
कृष्णाबाई पावशेला मोतीबिंदू,
नातवाकडून बोट धरवून घेऊन तिने दाबलं
सिमेंट, केसांचं तेल, कॅनडाचा व्हिसा.
जास्तीची मासळी शेजारच्या दारात ठेवावी
आणि हाक न मारता निघून जावं, तसं.

दोन दिवसांत अकराशे क्लिक.
तुमच्या यंत्राला चोरी दिसली.
त्याला दोष देत नाही.
माया आणि लबाडी
त्याच्या काट्यावर एकाच वजनाची भरत असेल.

एक्क्याण्णव डॉलर तुमच्याकडे अडकलेत,
शंभराला नऊ कमी. खातं बंद.
आळीत मी कुणाला सांगितलेलं नाही.
कृष्णाबाई रोज ओट्यावरून विचारते,
'मिळाला काय गो काय?'
मी म्हणते, 'मिळाला.'
ती तोंडभर हसते
आणि नातवाला परत फोन आणायला सांगते.
अमान्य म्हणायचंच तर
माझं तेवढं उत्तर अमान्य धरा,
तिचं बोट नको.

चौकोन लाल झालाय,
थोडीच अक्षरं उरलीत म्हणतो.
उद्या पौर्णिमा.
सासऱ्यांच्या हिशोबाने सव्वाअकरा,
माझ्या हिशोबाने बारा वाजून चार मिनिटं.
गाड्या दहाच्या आत वाळूवरून वर घ्या.

ही ओळ साइटवर टाकायची होती,
चुकून इथे पडली.
राहू दे.