चौऱ्याऐंशीचा फेरा

पडद्यावर तो दोन तास मागे आहे.
ब्रिस्बेनमध्ये साडेदहा, पर्थकडे साडेआठ;
त्याच्या मागच्या भिंतीवर अजून कोवळं ऊन
आणि इथे माझी कॉफी निवलेली.
पेनिआमिना सोलोफा, वय एकतीस.
तिसऱ्या वर्षी ऑकलंडहून आला, आईच्या पासपोर्टवर,
आणि लोगनमधल्या एकाच गल्लीत वाढला,
इतका, की आपण इथले नागरिक नाही
हे त्याला तुरुंगात आलेल्या पत्रातून कळलं.

दुसऱ्यांनी घेतलेला निर्णय पुन्हा पाहणं हे माझं काम.
पुनर्विलोकन. या शब्दात नुसतं पाहणं आहे,
ऐकण्याला जागा नाही,
अकरा वर्षांत आज लक्षात आलं.

हातोडी. पेट्रोल पंप. रात्रीचे दोन.
काउंटरवरचा मुलगा एकोणीस वर्षांचा.
त्याची दोन बोटं अजून मिटत नाहीत
आणि तो दिवा लावून झोपतो.
कोर्टाच्या कागदात हे दीड ओळीत आहे.
ती दीड ओळ मी तीनदा वाचते,
कारण या खोलीत त्याच्यासाठी खुर्ची मांडलेली नाही.

मंत्र्यांची वकील चांगली आहे, आवाज चढवत नाही.
समाजाची अपेक्षा, ती म्हणते,
आणि पान उलटते.

मग मागून त्याची आई उठते. लागी.
फुलाफुलांचा झगा, एका पायाला बँडेज.
तिचं म्हणणं कागदावर आलेलं नाही;
दोन दिवस आधी यायला हवं होतं,
नाहीतर मी ते जमेत धरायचं नाही, असा कायदा.
मी तसं सांगते. दुभाष्या तसं सांगतो.
ती मान डोलावते, आणि तरीही बोलते:

माझी नखं तोच कापायचा.
साखरेमुळे मला पाय कळत नाहीत.
नर्स घाईत असते.

एवढंच. बसते.
पडद्यावर तो दोन्ही हातांनी तोंड झाकतो
आणि नेमकं तेव्हाच चित्र अडकतं,
म्हणून बराच वेळ तो तसाच
झाकलेला राहतो.

शुक्रवार, एक्क्याऐंशीवा दिवस.
चौऱ्याऐंशी दिवसांत मी काही लिहिलं नाही
तर जुना निर्णय आपोआप कायम.
म्हणजे माझं गप्प राहणंही माझीच सही.
मी मांडत बसते:
गुन्हा, भारी. मुलगी एसेटा, वय सात, तीही भारी.
ऑकलंडात एक चुलता होता, तो गेला: थोडंसं.
आमच्या तराजूला आकडे नाहीत, विशेषणं आहेत.
नखांसाठी विशेषण सापडत नाही.

रविवारी रात्री वर्तमानपत्र पसरून
मी माझीच नखं कापायला बसले.
त्रेसष्टाव्या वर्षी अंगठ्यापर्यंत हात पोचतो,
पण श्वास धरावा लागतो.
एक नख उडून टेबलाखाली गेलं.
गुडघे टेकून शोधत राहिले,
फाइलला जोडायचं असल्यासारखी.

सोमवारी, चार वाजता, रद्द केलेलं रद्द केलं.
चौऱ्याण्णव परिच्छेद.
सगळी कारणं कायदेशीर, एकही खोटं नाही,
आणि लागीचा पाय कुठेच नाही.

दीड ओळीतल्या त्या मुलाला
हे कळवायची पद्धत नाही.
मी विचारून पाहिलं.