शेंगदाण्याचं कूट

लुआन्श्याला, खाणीच्या वसाहतीत,
कासोंदेनं तेलाच्या डब्याची गिटार केली.
तारा सायकलच्या ब्रेकच्या केबलमधून उसवलेल्या.
कॅसेट एकच, आणि त्यातलं गाणं तिसरं.
संपलं की म्हणायचा, लोम्बे, मागं घे.
मी पेन घालून चक्र फिरवायचे,
बटण दाबलं तर यंत्र सेल पिऊन टाकायचं.

सेल उतरले की गाणं जड व्हायचं,
गाणारा जांभई देत गातोय असं.
तेव्हा कासोंदे खूश.
पळणारी कोंबडी दमली की हातात येते, म्हणायचा,
आणि एकेक सूर धरायचा, पिसांसकट.

पगाराच्या दिवशी बाबांनी नवे सेल आणले
तर गाणं त्याच्या बोटांच्या वर कुठंतरी निघून गेलेलं.
दोन दिवस तो कुणाशी बोलला नाही.
मग सगळ्या तारा पिळून वर चढवल्या. एक तुटली,
हनुवटीवर अजून खूण आहे.

आता जमलं होतं. सगळं जमलं होतं.
शेजारच्या चिलेक्वाकाकांनी डोळे मिटून ऐकलं,
बरोबर आहे, म्हणाले,
पण त्यांचा पाय हलला नाही.

मी मागच्या अंगणात उखळापाशी असायचे.
भिंतीतून बारीक सूर येत नाहीत,
विटांतच अडकतात.
येतो तो जाडा, तळातला,
दम्, दमदम्, दम्,
आणि किती महिने माझं मुसळ त्यावरच पडत होतं.
मला ते गाणं वाटलंच नव्हतं.
काम वाटलं होतं.

एकदा गिटार घेऊन तो अंगणात आला,
वाजवता वाजवता थांबला.
काय वाजवतेयस?
शेंगदाणे, मी म्हटलं.
पुन्हा वाजव.

मी कुटलं. त्यानं अंगठा सर्वांत जाड तारेवर ठेवला,
चुकला, पुन्हा ठेवला.
बोटं आपली वरच्या वर धावत होती
आणि अंगठा माझ्यामागून चालायला शिकत होता,
पाण्याच्या वाटेवर लहान मूल चालतं तसा,
मध्येच बसकण मारत.
अंधार पडला. चिलेक्वाकाका कुंपणाशी येऊन उभे राहिले,
मी त्यांच्या चपलेकडे बघत होते.

त्या रात्री पालेभाजीत कूट नव्हतं,
उखळात नुसतं लोणी झालेलं.
आई दोघांवर ओरडली, मला जरा जास्तच.

आता तो किट्वेच्या हॉटेलात वाजवतो, खऱ्या गिटारवर.
लोक विचारतात, कुणाकडे शिकलात?
कुणाकडे नाही, म्हणतो. कानानं.
कुणाच्या, ते कुणी विचारत नाही.