पाणी मुरतंय

वीब्रेनच्या गव्हाचा एक कोपरा पिवळा पडला फेब्रुवारीत,
समुद्रबांधाला लागून, मेंढ्यांच्या फाटकाजवळ.
मातीत रोवलेल्या बोटभर काड्यांनी ओल मोजली,
आणि मोबाइलवर सल्ला आला:
नत्र कमी आहे, हेक्टरी चाळीस किलो द्या.

त्याच आठवड्यात बांधाने मला कळवलं
(मी हार्लिंगनच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर)
की त्याच्या पोटातला दाब चढलाय.
थोडा. मर्यादेत. दिवा हिरवाच.

दोघांची ओळख नव्हती.
काड्या बियाणे संघाच्या, बांध आमचा,
मध्ये एक तारेचं कुंपण
आणि दोन घड्याळं. त्यांचं सात मिनिटं पुढे.

आधी घड्याळं जुळवली. त्यातच गुरुवार गेला.
मग प्रत्येकाला वजन दिलं:
ज्यानं आजवर जितक्या थापा मारल्या
तितकं त्याचं वजन कमी.
सात नंबरची काडी कोरडी असली तरी भिजले म्हणते.
तिला गप्प नाही बसवलं,
फक्त हळू बोलायला लावलं.
बांधातून आडवा गेलेला काचेचा तंतू
गारव्याच्या बाबतीत सहसा खोटं बोलत नाही.

रात्री सगळ्यांचं म्हणणं एकाच कागदावर आलं.
भरती चढली. चाळीस मिनिटांनी दाब.
तंतूवर दीड मीटरचा गार डाग,
आणि तीन तासांनी, आभाळ कोरडं असताना,
गव्हाच्या मुळाशी मीठ.

कुठेतरी पाणी मुरतंय,
हे मी वाक्प्रचार म्हणून नाही लिहिलं,
जागेच्या रकान्यात लिहिलं. समोर खांबाचा नंबर.

सकाळी फोन केला. वीब्रेन ट्रॅक्टरवर होता,
खताची पोती चढवून झालेली.
बराच वेळ इंजिनचाच आवाज.
मग म्हणाला, रानहंस महिनाभर
त्या कोपऱ्यात उतरत नाहीत.
आणि माझा डावा बूट तिथं वाजतो.
उजवा नाही वाजत. डावाच.
कुणाला सांगायचं होतं हे? विचारलं कुणी?

दुपारी माणसं आली, चिकणमातीचे दोन ट्रक आले.
वारा इतका, की कागद धरायला दोघे लागले.

मी तक्त्यात एक रकाना वाढवलाय:
वीब्रेन, डावा बूट.
वजन अजून ठरलेलं नाही.
त्याची बायको शौक्ये म्हणते,
सात नंबरपेक्षा जास्त देऊ नका.